हात घालण्याआधी

पंखा सुरू झाला तेव्हा काका दारात होते. दोनच मिनिटांपूर्वी ते त्या पत्र्याच्या पेटीत गुडघे टेकून बसले होते. शाफ्ट हाताने हळूहळू फिरवत बेअरिंगची खरखर नेमकी कुठे लागतेय ते बोटांनी चाचपत होते. टॉर्च मंद व्हायला लागली म्हणून दुसरी घ्यायला ते पिशवीपाशी आले, आणि त्यांच्या पाठीमागे पंखा घरघरला, मग बघता बघता पूर्ण वेगाने फिरू लागला.

मी त्या संकुलाच्या मेंटेनन्स विभागात नुकतीच रुजू झाले होते. निरोप मिळाल्यावर धावत वर गेले. काका चौकटीला टेकून उभे होते. फिटर म्हणून वीस-बावीस वर्षं काढलेला माणूस. विभागातले सगळेच त्यांना काका म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले होते. त्यांनी आवाज चढवला नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. एवढंच विचारलं, "ताई, मी आत होतो हे कुणाला ठाऊक होतं?"

या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात माझे दोन दिवस गेले. इमारतीत थंड हवा खेळवणारं ते यंत्र, आमच्या बोलण्यातलं एएचयू, कंट्रोल रूममधल्या कॉम्प्युटरवरून चालू-बंद व्हायचं. काकांनी फोन करून ते बंद करायला सांगितलं होतं आणि तिथल्या ऑपरेटरने केलंही होतं. मग त्याची पाळी संपली. पुढच्या पाळीवाल्याला त्याने चार गोष्टी सांगितल्या, पाचवी राहिली. अर्ध्या तासाने त्या मजल्यावरून तक्रार आली की फार उकडतंय. नव्या ऑपरेटरने पडद्यावर पाहिलं तर एएचयू बंद दिसत होतं. त्याने ते चालू केलं. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

यंत्राशेजारी एक आयसोलेटर असतो. तो खाली ओढला की कंट्रोल रूममधून कुणी काहीही दाबलं तरी मोटरला वीज पोचत नाही. काकांनी तो ओढला नव्हता, कारण त्याचा दांडा तीन आठवड्यांपूर्वीच तुटला होता, आणि म्हणून त्यांनी फोनवर भिस्त ठेवली. दांडा तुटल्याची नोंद झाली होती, तारीख-वेळेसकट, सुवाच्य अक्षरात. पण ती इलेक्ट्रिकलच्या रजिस्टरमध्ये. बेअरिंगच्या कामाची नोंद मेकॅनिकलच्या रजिस्टरमध्ये. ज्या सुपरवायझरने काकांना काम दिलं त्याने दुसरी वही पाहिली असती, तर दांडा बसेपर्यंत त्याने ते काम धरून ठेवलं असतं. पण दुसरी वही दुसऱ्या खोलीत होती आणि ती पाहणं हे त्याचं काम आहे असं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

यंत्र चालवणारा माणूस ते झाकलेलं पाहतो. जाळ्या लावलेल्या, झाकणं बसवलेली, धोक्याचे भाग आत. दुरुस्ती करणारा येतो तो हे सगळं उतरवण्यासाठीच. यंत्र बनवणाऱ्याने माणसाला दूर ठेवण्यासाठी जे जे केलेलं असतं ते त्याला कामापुरतं काढून ठेवावं लागतं. तेवढा वेळ त्याच्या आणि त्या शाफ्टच्या मध्ये एकच गोष्ट उरते, ती म्हणजे तो आत आहे हे इतरांना ठाऊक असणं.

पुढे काही महिन्यांनी पायपर अल्फाबद्दल वाचलं आणि मला आमच्या त्या दोन वह्या आठवल्या. उत्तर समुद्रातला हा तेल आणि वायू काढणारा प्लॅटफॉर्म. ६ जुलै १९८८ रोजी दिवसपाळीत तिथल्या दोन कंडेन्सेट (वायूतून वेगळं होणारं द्रव इंधन) पंपांपैकी 'ए' पंपाची सुरक्षा झडप तपासणीसाठी काढली होती. संध्याकाळपर्यंत ती परत बसवून झाली नाही, म्हणून नळीच्या उघड्या तोंडावर एक लोखंडी चकती लावून ठेवली. रात्री पावणेदहाच्या सुमारास 'बी' पंप बंद पडला आणि काही केल्या सुरू होईना. रात्रपाळीच्या माणसांनी 'ए' पंपाचे कागद पाहिले. त्यांच्यासमोर पंपाच्या मोठ्या देखभालीचा परवाना होता, आणि ते काम अजून सुरूच झालेलं नव्हतं. म्हणजे पंप वापरायला हरकत नाही. झडपेचा परवाना वेगळा होता, तो त्यांच्यापर्यंत आलाच नाही. झडपेची जागाही पंपाशेजारी नव्हती, की सहज नजर जाऊन शंका यावी. त्यांनी पंप सुरू केला. रात्री दहाच्या सुमारास पहिला स्फोट झाला. त्या रात्री १६७ माणसं गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशीचा अहवाल १९९० मध्ये आला, त्यात १०६ शिफारशी होत्या. कामाचे परवाने कसे दिले जातात आणि पाळी बदलताना एका माणसाकडून दुसऱ्याकडे काय पोचतं, यातल्या त्रुटींवर त्या अहवालाने नेमकं बोट ठेवलं.

आमच्या एका पंख्याची त्या आगीशी बरोबरी करावी असं मला वाटत नाही. पण घडण एकच होती. एकाच यंत्राबद्दल दोन कागद, दोन जागी, दोन्ही खरे. एक कागद पाहणाऱ्याला दुसरा आहे याची गंधवार्ताही नाही.

दोन वर्षांनी आमच्याकडे फॅसिलिटी मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर आलं. मला वाटलं, सुटलो. वह्या गेल्या, कपाटं गेली, सगळं एका जागी आलं. पण ते घेतलं होतं तक्रारी लवकर मिटाव्यात म्हणून. प्रत्येक तक्रारीला एक तिकीट, प्रत्येक तिकिटाला ठरलेली मिनिटं. वेळेत असलं तर हिरवं, वेळ सरत आली की नारिंगी, उलटून गेली की लाल. महिन्याच्या शेवटी कुणाची किती लाल झाली याचा तक्ता निघायचा. कामं भराभर व्हायला लागली आणि वरचे सगळे खूश होते. मीसुद्धा होते.

मग एक दिवस आमच्या एका वायरमनने पॅनेलमधलं सैल झालेलं टर्मिनल वीज चालू असतानाच आवळायला घेतलं. त्या पॅनेलला वीज पुरवणारी मुख्य लाईन, म्हणजे फीडर, बंद करायला तीन विभागांची परवानगी लागणार होती आणि तेवढा वेळ तिकिटात नव्हता. पान्याचं टोक शेजारच्या फेजला लागलं. अशा वेळी जो आर्क, म्हणजे विजेचा लोळ, उठतो त्याच्या आतलं तापमान १९,००० अंश सेल्सियसपर्यंत जाऊ शकतं, सूर्याच्या पृष्ठभागाच्या तिपटीहून जास्त. तो क्षणार्धात विझला म्हणून मुलगा वाचला. मनगट आणि हाताची मागची बाजू भाजली. मी भेटायला गेले तेव्हा त्याने बँडेजकडे बघत सांगितलं, "लाल व्हायला सहा मिनिटं राहिली होती, मॅडम."

ती मिनिटं सॉफ्टवेअरमध्ये मी भरली होती. तक्त्यातल्या त्या रकान्यात आकडा टाकताना मी पॅनेलसमोर उभा असलेला माणूस डोळ्यांसमोर आणला नव्हता. घरी येऊन मी पहिल्यांदा ती सगळी यादी उघडून बसले. दिव्याची ट्यूब बदलणं आणि चालू पॅनेलमधलं टर्मिनल आवळणं, दोघांनाही मी सारखाच वेळ दिला होता.

त्यानंतर आम्ही जो पहिला बदल करून घेतला तो सगळ्यांत साधा होता आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचा. मोबाईलच्या पडद्यावर एक ठळक बटण: "थांबवलं". ते दाबलं की त्या तिकिटाचं घड्याळ थांबतं. कारण सांगायचं असेल तर बोलून सांगा, फोटो टाका, पण त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. परवान्याची वाट पाहण्यात गेलेला वेळ कामगाराच्या नावावर चढत नाही, परवाना देणाऱ्याच्या नावावर चढतो. या शेवटच्या वाक्यासाठी मला चार बैठका भांडावं लागलं. पण ते झाल्यावर परवाने आश्चर्य वाटावं इतक्या लवकर मिळायला लागले.

दुसरा बदल मोठा होता, त्याला आठ महिने लागले. प्रत्येक यंत्रावर क्यूआर कोड चिकटवला. तो मोबाईलने टिपला की त्या यंत्राचं पान उघडतं. सगळ्यांत वर, आत्ता या यंत्रावर कोण काम करतंय. त्याखाली, या यंत्राबद्दलच्या सगळ्या उघड्या तक्रारी, विभाग कुठलाही असो. काकांचा प्रश्न आणि ती दुसरी वही, दोन्ही पहिल्या दोन ओळींत. एएचयूवर काम चालू असल्याची खूण कंट्रोल रूमच्या पडद्यावरही येते, आणि ती असेपर्यंत तिथलं चालू करण्याचं बटण चालत नाही.

तिसऱ्या ओळीने आठ महिने खाल्ले. या यंत्रात शक्ती कुठून कुठून येते? वायरिंगचे नकाशे होते, पण त्यांच्यावर भरवसा ठेवायचा नाही असं काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं. म्हणून ते, मी आणि एक वायरमन असे तिघं तळघरापासून गच्चीपर्यंत एकेका यंत्रापाशी जाऊन उभे राहिलो. पंपाची वीज तोडली तरी वरच्या नळात उभं असलेलं पाणी उलटं येऊन त्याला मागे फिरवू शकतं, मध्ये झडप धड नसेल तर. पॉवर फॅक्टरच्या पॅनेलमधले कपॅसिटर वीज बंद केल्यावरही काही मिनिटं विद्युतभार धरून राहतात. रोलिंग शटरच्या वरच्या नळकांड्यात स्प्रिंग दाबून बसलेली असते. काँप्रेसर बंद असतो, त्याच्या टाकीतली हवा बंद नसते. आणि जनरेटर! तो तर बंदच असतो, बाहेरची वीज जाईपर्यंत. ती गेली की आपोआप सुरू होतो, त्याच्या पट्ट्यांमध्ये कुणाची बोटं आहेत हे त्याला कसं कळणार? त्याचा स्विच ऑटोवरून काढायचा आणि बॅटरीची तारही सोडवायची, हे दोन्ही त्याच्या पानावर फोटोसकट आहे. काका एकदा म्हणाले, "बंद केलेलं यंत्र मेलेलं नसतं, ताई. श्वास रोखून बसलेलं असतं."

यंत्रातली ही रोखलेली शक्ती ताब्यात कशी ठेवायची याचा नियम अमेरिकेच्या ओशा या कामगार सुरक्षेच्या यंत्रणेने १९८९ मध्ये काढला. जगभरात तो लॉकआऊट-टॅगआऊट, थोडक्यात लोटो, या नावाने ओळखला जातो. तो पाळला गेला तर एकट्या अमेरिकेत वर्षाला १२० मृत्यू आणि ५०,००० दुखापती टळतात, असा ओशाचा अंदाज आहे. त्याचा गाभा लहान मुलालाही समजेल असा आहे. वीज तोडायची आणि जिथे तोडली तिथे स्वतःचं कुलूप घालायचं. किल्ली स्वतःच्या खिशात. चार जण कामावर असतील तर चार कुलपं. ज्याने घातलं त्यानेच काढायचं. त्या कुलपावर त्याचं नाव असलेला टॅग. कंट्रोल रूममध्ये पाळी बदलो, तक्रार येवो, किल्ली आत काम करणाऱ्याच्या खिशात असते.

इथे मला एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगायची आहे, कारण सॉफ्टवेअर विकणारे ती कधी सांगत नाहीत. कॉम्प्युटरवरचं बंद केलेलं बटण हे कुलूप नव्हे. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कुलपाचा फोटो टाकल्याशिवाय काम सुरू होत नाही, ते चांगलंच आहे. पण पहिल्याच महिन्यात लक्षात आलं की दोघं-तिघं मोबाईलमधला जुना फोटो टाकतायत. मग जुने फोटो चालणार नाहीत, तिथल्या तिथे काढलेलाच चालेल, अशी सोय केली. तरीही फोटोत फक्त कुलूप दिसतं. वीज खरोखर गेली का, हे टेस्टरच सांगतो, आणि टेस्टर खरं बोलतोय का हे आधी चालू लाईनवर लावून पाहावं लागतं. मग तोडलेल्या लाईनवर, मग पुन्हा एकदा चालू लाईनवर, कारण टेस्टर मधल्या वेळातही बिघडू शकतो. या तीन पायऱ्या कुणाच्याही मोबाईलवर होत नाहीत, त्या हातानेच कराव्या लागतात.

नायॉश ही अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी संस्था धोका टाळण्याच्या उपायांची एक उतरंड मांडते. सर्वांत वर, धोकाच काढून टाकणं. मग कमी धोक्याची वस्तू वापरणं, मग यंत्रातच आडकाठी बसवणं, मग नियम, परवाने, प्रशिक्षण, आणि सर्वांत खाली हेल्मेट, हातमोजे, हार्नेस. सॉफ्टवेअर जे करतं ते बहुतेक सगळं चौथ्या पायरीवरचं आहे, खालून दुसऱ्या. हे ध्यानात आल्यावर मी त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागले. खालच्या पायरीवर बसून ते वरच्या पायरीचा रस्ता दाखवू शकतं का? एकदा तरी त्याने तो दाखवला. आमच्या प्रवेशदालनाचं छत नऊ मीटर उंच. तिथले दिवे बदलायला माणूस शिडीमचाणावर चढायचा. दर वेळी परवाना, दर वेळी हार्नेस, सगळं नियमाने व्हायचं. जुन्या कामांची यादी उघडून मोजलं तर दोन वर्षांत एकोणीस वेळा कुणी ना कुणी तिथे चढलं होतं. एकेका तिकिटात हे कधीच दिसलं नसतं. एकोणीस हा आकडा घेऊन मी पैसे मंजूर करून घेतले, आणि दिवे दोरावर खाली उतरवता येतील अशी कप्पी बसवली. आता दिवा जमिनीवर उभं राहून बदलतात.

बंदिस्त जागांबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहायला हवं. भूमिगत टाकी, सांडपाण्याचा खड्डा, मोठी डक्ट. बाहेरून बघताना तिथे काहीच नसतं, आणि तेच भयंकर आहे. हवेत ऑक्सिजन साधारण २०.९ टक्के असतो. तो १९.५ च्या खाली गेला असेल तर आत पाऊल टाकायचं नाही. बंद लोखंडी टाकीत नुसता गंज चढतानाही ऑक्सिजन खर्च होत असतो. सांडपाण्यात हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, फार वाढला की नाकाची जाणीवच बधिर होते. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि तेव्हाच वायू सर्वांत जास्त असतो. आतला माणूस कोसळला की बाहेरचा काही विचार न करता उडी घेतो. भाऊ असतो, मित्र असतो, बरोबर जेवलेला असतो. नायॉशने १९८६ मध्ये दिलेल्या इशाऱ्यात म्हटलं होतं की अशा जागांतल्या मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला धावलेले होते. हे वाचल्यापासून टाकीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाची मला आतल्याइतकीच काळजी वाटते.

कागदी परवान्याच्या काळातही तोंडाशी एक माणूस उभा करायचा नियम होता. मग कुणी म्हणायचं, अरे, जरा तो पाईप घेऊन ये, आणि तो जायचा. आता त्या माणसाचं नाव टाकल्याशिवाय परवाना निघत नाही, आणि तो परवाना उघडा असेपर्यंत त्याला दुसरं कुठलंही काम देता येत नाही. सुपरवायझरने प्रयत्न केला तरी सॉफ्टवेअर घेत नाही. वायूमापकाचा आकडा भरावा लागतो, आणि त्या आकड्याची मुदत संपते. दोन तासांपूर्वीची हवा म्हणजे आत्ताची हवा नव्हे. मुदत संपली की तोंडाशी उभ्या माणसाचा मोबाईल वाजतो आणि आतल्याला बाहेर काढून पुन्हा मोजावं लागतं. टाकीवर तिपाई आणि विंच उभी असल्याचा फोटोही लागतो, म्हणजे कोसळलेल्याला उडी न घेता वर ओढता यावं.

एक गोष्ट अवघड गेली. रात्रपाळीत एकट्याने काम करणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअरमध्ये सोय होती. दर वीस मिनिटांनी मोबाईल विचारतो, ठीक आहात ना? उत्तर आलं नाही तर कंट्रोल रूममध्ये घंटा वाजते. माणूस कुठे आहे तेही दिसतं. मला ही सोय फार आवडली होती. कामगारांना अजिबात आवडली नाही. काकांनी सगळ्यांच्या वतीने विचारलं, "आमची काळजी म्हणून बघणार की आम्ही चहाला किती वेळ बसलो ते बघणार?" त्यांचा संशय रास्त होता. ज्या पडद्यावर माणूस कोसळलेला दिसतो, त्याच पडद्यावर तो बसलेलाही दिसतो. शेवटी ठरलं ते असं की जागा फक्त एकट्याच्या जोखमीच्या कामात दिसेल, काम संपलं की ती नोंद पुसली जाईल, आणि ती हजेरीसाठी किंवा शिस्तीसाठी कधीही वापरली जाणार नाही. हे लेखी दिलं. तरीही दोघांनी महिनाभर मोबाईल पिशवीतच ठेवला. मी त्यांना काही बोलले नाही. आणि तळघरात तर मोबाईलला रेंजच नव्हती. ज्या जागी त्याची सर्वांत जास्त गरज, तिथेच तो मुका. ते तार ओढून, यंत्रं बसवून सुधारेपर्यंत तळघरात एकट्याने जायचं नाही, एवढाच उपाय होता आणि तो पुरेसा होता.

तपासण्यांच्या याद्यांबद्दलही एक कबुली. सुरुवातीला मी प्रत्येक कामाला बेचाळीस प्रश्नांची यादी लावली होती. हेल्मेट घातलं का, बूट घातले का, जागा स्वच्छ आहे का. नंतर वेळा पाहिल्या तर कळलं, बेचाळीसच्या बेचाळीस खुणा अकरा सेकंदांत होतायत. शिक्षा करा असं काहींनी सुचवलं. मी काकांना दाखवलं. ते म्हणाले, "यातले जे प्रश्न माझा हात वाचवतात ते ठेवा, जे तुमची नोकरी वाचवतात ते काढा." प्रत्येक यंत्राच्या यादीत पाच ते नऊ प्रश्न उरले. एएचयूच्या यादीत पहिला प्रश्न आहे: तुम्ही आत आहात हे कुणाला ठाऊक आहे?

प्रश्न कुठल्या शब्दांत विचारले हेही कमी महत्त्वाचं नव्हतं. भाषांतर करून आलेल्या पडद्यावर लिहिलं होतं, "ऊर्जास्रोताचे विलगीकरण सुनिश्चित करा." हे वाक्य आमच्यातला कुणी जन्मात बोलला नसता. आता तिथे आहे, "लाईन तोडली? कुलूप घातलं? टेस्टर लावला?" ज्यांना लिहिणं जड जातं ते बोलून उत्तर देतात.

थोडक्यात वाचलेल्या घटना कळाव्यात म्हणून एक वेगळं पान होतं, ते तीन महिने कोरं राहिलं. तीन महिन्यांत काहीच घडलं नाही यावर माझा विश्वास बसेना. नासा १९७६ पासून अमेरिकेतल्या वैमानिकांकडून अशा घटनांची माहिती घेते, तिची रीत वाचनात आली. माहिती परवाना रद्द करू शकणाऱ्या खात्याकडे जात नाही, नासाकडे जाते, आणि नाव-गाव काढून टाकल्यावरच पुढे सरकते. आमच्याकडे ती थेट माझ्याकडे आणि वरिष्ठांकडे येत होती. आम्ही ते काम दुसऱ्या विभागातल्या, आमच्या पगारवाढीशी काही संबंध नसलेल्या एका माणसाकडे दिलं, आणि त्याने नाव काढूनच आमच्याकडे पाठवायचं ठरलं. पहिली नोंद आली ती एका आवाजाची होती, बत्तीस सेकंदांची. गच्चीवरच्या जिन्याची तिसरी पायरी हलते, काल पाय सरकला. पायरी त्याच दुपारी वेल्ड करून घेतली आणि तिचा फोटो सगळ्यांना पाठवला. पुढच्या आठवड्यात सात नोंदी आल्या. त्यातली एक मी अजून विसरलेले नाही. बाहेरून एका दिवसासाठी आलेल्या कंत्राटी माणसाने भिंतीला भोक पाडायला ड्रिल लावलं होतं, आणि त्या भिंतीमागे जुन्या अ‍ॅस्बेस्टॉसचं आवरण होतं. आमच्या जुन्या लोकांना ते ठाऊक होतं, म्हणून कुणी कुठे लिहिलं नव्हतं. त्या धुळीचा आजार उमटायला कित्येक दशकं लागतात, तोवर तो माणूस कुठे असेल कुणास ठाऊक. आता भिंतींनाही पानं आहेत आणि बाहेरच्या माणसाला ती आधी दाखवली जातात.

काका निवृत्त व्हायच्या आधीचा महिना मी त्यांना दुसरं काही काम दिलं नाही. ते रोज एका मजल्यावर जात, यंत्रासमोर उभे राहत, त्याचं पान उघडत आणि बोलत. या वॉल्व्हचं चाक घट्ट लागलं तरी तो बंद झालेला नसतो, पुढचा बघा. या झाकणाचा डावा बोल्ट आधी सोडू नका, झाकण अंगावर येतं. बावीस-पंचवीस वर्षांत जे जे त्यांच्या हाताला लागलं होतं, भाजलं होतं, खरचटलं होतं, ते ते. त्या पंख्यापाशीही ते गेले. तिथली नोंद अशी आहे: "हीटरची लाईन याच पॅनेलमधून जाते पण येते दुसरीकडून. इथला आयसोलेटर ओढला तरी ती जिवंत राहते. टेस्टर दोन्हीकडे लावा."

गेल्या उन्हाळ्यात त्या मजल्यावरून उकडतंय अशी तक्रार आली. आमच्याकडे नव्याने लागलेली एक मुलगी गेली. वीस मिनिटांनी माझ्या मोबाईलवर तिचं "थांबवलं" आलं, म्हणून मी वर गेले. पेटीचं दार उघडं होतं, आयसोलेटरवर तिचं कुलूप होतं, आणि ती दारापासून चार पावलं मागे, पिशवीवर टॉर्च ठेवून उभी होती.

"हीटरची लाईन अजून जिवंत दाखवतेय, मॅडम. वायरमनदादा खालून निघालेत."

तेवढ्यात त्या मजल्यावरून दुसऱ्यांदा फोन आला, आवाज चढलेला होता. मी सांगितलं, अजून अर्धा तास लागेल, आणि तिच्या शेजारी उभी राहिले.